सुई नसलेल्या सांडण्या

सकाळी आठ वाजता वाळवंटातल्या बिदिय्या गावच्या मैदानावर भोंग्यातून जाहीर झाले, की सांडण्यांच्या, म्हणजे उंटिणींच्या, सौंदर्यस्पर्धेला एकच सांडणी पात्र आहे : अबू मरहूनची जवाहर. गेल्या वर्षी सुई टोचून ओठ फुगवल्याबद्दल हाकलली होती, तीच.

मैदानात हशा पिकला. मग कुणीतरी ओरडले, "यादी कोणी केली?"

यादी शम्साने केली होती. समितीने संगणकावर माहिती ठेवायची नवी प्रणाली घेतली होती आणि ती शिकणारी शम्सा एकटीच. जुन्या प्रणालीत ठरावीक रकाने होते, आणि आमचे मालक रकान्यात मावत नाहीत. एक जण सांडणीच्या आजीचे कूळ सांगतो, दुसरा नुसत्या मानेवर कविता देतो. नवीला सगळे चालायचे. ज्याला जे सांगायचे ते त्याने सांगावे, बाकीचे सोडून द्यावे.

शम्साने तिला विचारले होते, 'सुई' पुढे 'नाही' असलेल्या सांडण्या दाखव. प्रणालीने प्रामाणिकपणे एकच दाखवली. तसे फक्त अबू मरहूनने लिहवून घेतले होते, तेही शपथेवर. बाकी जवळजवळ सगळ्यांनी सुईचा विषयच काढला नव्हता.

शम्साचे वडील सुवैलम आपल्या सांडणीला, समहाला, नवी झूल घालून मैदानाच्या दाराशी उभे होते. दार नऊला बंद होणार होते, आणि वयाच्या नियमाने समहाचे हे शेवटचे वर्ष होते.

"बाबा, 'सुई नाही' एवढं सांगा ना. एका वाक्याचं काम."

"मी सांगू? मग हेही लिही, की सुवैलम पाहुण्यांच्या चपला चोरत नाही!"

अबू मरहून शेजारीच होता. "बघा, यंत्रसुद्धा म्हणतंय. अख्ख्या बिदिय्यात सज्जन मी एकटा."

"यंत्र नवशिकं आहे," सुवैलम म्हणाले.

"यंत्र नाही, बाबा. नवशिकी मी आहे."

समितीचा चिटणीस हुमैद घाम पुसत आला. "शम्सा, सगळ्यांपुढे 'नाही' टाक आणि मोकळी हो."

"माझ्या मनाने? उद्या तुमच्या नावापुढेही काहीतरी टाकीन, चालेल?"

शम्साने शिकवणीचे पुस्तक उघडले. न वाचता ओलांडलेल्या पाठात लिहिले होते : 'नाही' म्हणणे वेगळे, 'ठाऊक नाही' म्हणणे वेगळे आणि मुळात काहीच न म्हणणे तिसरेच. तिने पुन्हा विचारले, 'नाही' असलेल्या दाखव, आणि सुईचा उल्लेखच नसलेल्याही. यादी भरभरून आली. समहा आली. म्हातारा हिलाल तेवढा राहिला, कारण त्याने "अल्लाह जाणे" असे उत्तर दिले होते. त्याच्यासाठी तिने तिसऱ्यांदा विचारले, 'ठाऊक नाही' असलेल्याही दाखव.

नवी यादी घेऊन हुमैद भोंग्याकडे धावला. अबू मरहून आडवा आला.

"भोंग्यातून बोललं ते बोललं. नियम तुमचाच आहे."

"चुकून बोललं, अबू मरहून!"

"मग 'चुकून' हा शब्द नियमात दाखव."

नियमात तो नव्हता. समिती तंबूत बसली. दार बंद करणारा माणूसही ऐकायला आत गेला, म्हणून नऊ वाजून गेले तरी दार उघडेच होते आणि त्यात समहा अर्धी आत, अर्धी बाहेर रवंथ करत होती. शेवटची बातमी हाती आली तेव्हा तंबूत कॉफीची चौथी फेरी चालू होती, आणि 'पुरे' म्हणून कप हलवायला अजून कुणी तयार नव्हते.