रिकामी नळी

"जात्यापाशी बसू बाई, केस घेऊ आवरून,
दाना निंघावा निवळ, आपलं अंग सावरून."

दारव्ह्याच्या घरी तूर भरडताना आई हे म्हणायची. जातं थांबलं की त्याच दमात, पण हलक्या आवाजात सांगायची, "अन् कोपराचं कोणाले सांगू नोको, बाई. लोकं हातचं पाणी पेनार नाईत."

अर्पिताच्या कोपरांवर तेव्हापासून सोरायसिसचे, पापुद्रे सुटणारे चट्टे होते. तो कोणाला लागत नाही, हे तिला पुस्तकांनी शिकवलं. झाकायचा कसा, ते आईनं. यवतमाळच्या कॉलेजात ती संशोधन करायला आली, तरी भर उन्हाळ्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंतच राहिल्या.

काम नाजूक होतं, आणि ते ती न् तिची धाकटी सहकारी दीपा मिळून करत. बोंडात शिरताना गुलाबी बोंडअळी जी लाळ सोडते, तिच्यातलं प्रथिन ओळखायचं. लाळ इतकी थोडी की डोळ्यांना दिसूही नये. प्रथिनाचे बारीक तुकडे करून नळी नागपूरला पाठवायची. तिथलं यंत्र एकेक तुकडा तोलून सांगतं, हे कोणाचं. दोनदा नळी गेली आणि दोन्ही वेळा यंत्रानं अळीऐवजी माणूस ओळखला. केराटिन. केसांचं, नखांचं, कातडीचं प्रथिन. त्या गर्दीत अळी पार बुडून गेली होती.

मार्गदर्शक राठोड सरांनी अहवाल आपटला नाही, नुसता टेबलावर ठेवला. त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"दीपा, ही तुझी वेणी."

"सर, दोन-दोन टोप्या घालते मी."

"गुडघ्यापर्यंतची वेणी टोपीत मावते काय? पोत्यात तरी मावते काय?"

अर्पितानं अहवाल नीट वाचला होता. केसांचं केराटिन त्यात जवळजवळ नव्हतंच. होतं ते कातडीचं. तिनं बाही मनगटावर आणखी खाली ओढली.

"लाळ आता एकाच नळीपुरती उरली," सर म्हणाले. "म्हणून आधी दोघीही एकेक रिकामी नळी करा. लाळ नाही, बाकी सगळं तेच. दीपाचं टोपण निळं, अर्पिताचं पांढरं. जिच्या नळीत माणूस निघाला, तिनं हे काम सोडायचं."

बाहेर आल्यावर दीपा हसली. "गेली मी, ताई. आता वणीले जाऊन बाबाच्या ट्रकावर लिंबू-मिरची बांधीन." हसता हसता तिनं वेणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी नळ्या तयार झाल्या. पार्सल नागपूरच्या एसटीनं जायचं होतं, म्हणून दीपा बर्फ आणायला गेली. तिला उशीर होत गेला.

प्रयोगशाळेत अर्पिता एकटी. समोर दोन नळ्या, सारख्याच स्वच्छ, सारख्याच रिकाम्या दिसणाऱ्या. एक निळी, एक पांढरी. टोपणं तर फिरकीची. तिनं दाराकडे पाहिलं. मग निळं काढलं, पांढरं काढलं, आणि इकडचं तिकडे बसवलं. एवढंसंच काम. फिरवताना बाही वर सरकली आणि हातमोज्याच्या कडेशी एक पापुद्रा काळ्या ओट्यावर पडला, कोंड्याच्या फोलाएवढा. तिनं तो घाईघाईनं टिपला.

दार वाजलं. थर्माकोलचा डबा कवटाळून दीपा आत आली, डोक्यावरून ओढणी.

"उशीर काहून झाला गं?"

"पार्लरमधी गर्दी होती." दीपानं ओढणी मागे टाकली. कान उघडे, मान उघडी. खांद्यावरच्या पिशवीतून वेणीचं टोक बाहेर लोंबत होतं, रबरबँडसकट. "आई रडन. पण आता तरी माहा केस निंघनार नाई कुठं. छाटल्या बाभळीवानी दिसून राह्यली ना मी? आण त्या नळ्या. एसटी निंघून जाईन."

तिनं हात पुढे केला. अर्पिताची मूठ नळ्यांवरून सुटेना. जातं थांबल्यावरचा आईचा तो हलका आवाज तिला आठवला.

मग अर्पितानं दीपाच्या देखतच दोन्ही टोपणं काढली. निळं निळ्या जागी, पांढरं पांढऱ्या जागी. दीपा बघतच राहिली.

"हे काय करून राह्यली, ताई?"

अर्पितानं हातमोजा उतरवला आणि बाही दुमडत दुमडत कोपराच्या वर नेली.

"केस कायले कापले गं तू," ती म्हणाली. "त्या अहवालात केस नव्हतेच. कातडी होती. माही."