लिंबाची करपलेली पानं

आमच्या स्फॅक्स शहरात नळाला खारट पाणी येतं, म्हणून चहाला आणि लिंबाच्या झाडाला अंगणातल्या टाक्यातलं पावसाचं पाणी. त्या गुरुवारीही बाबा मात्र नेहमीसारखी झाडाला गळ्याशी हिरवा दोरा बांधलेली बाटली पाजत होते. आई स्वयंपाकघरात होती, म्हणून मला दारात पहाऱ्यावर उभं केलं होतं.

"याच्याही मानेला गाठ उरली नाही बघ," बाबा म्हणाले.

पाणी होतं मंतरलेलं पाणी देणाऱ्या सिदी लझहरचं. त्याच्या दाराशी निम्मी गल्ली रांगेत असे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणून तो त्याला हुकूम सोडी : रक्तात जा, वाईट तेवढं मार, चांगल्याला हात लावू नकोस. पाणी गोड, वर संत्र्याच्या फुलांचा वास. बाबांना रक्ताचा कर्करोग झाल्यापासून आई दर गुरुवारी त्या रांगेत उभी राही. बाबांच्या मानेवरच्या गाठी विरल्या, तेव्हा सिदीनं त्यांना सगळ्यांसमोर बसवून लोकांना मान चाचपायला लावली. बाबा म्हणाले, जरा हळू, गुदगुल्या होतात.

खरं काम दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीचं होतं. म्हाताऱ्या पेशीनं मरायची सोय तिच्यातच असते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. या आजारातल्या पेशी एक प्रथिन भरमसाट बनवून ती सोय दाबून धरतात. गोळी त्या प्रथिनाला जाऊन चिकटते. दाब सुटतो आणि पेशी आपली आपण मरते. मेलेल्या पेशींचा कचरा मूत्रपिंडांना झेपावा म्हणून भरपूर पाणी प्यायचं, कुठलंही. बाबा नळाचं प्यायचे, तोंड वाकडं करून.

"आईला सांगू नकोस," रिकामी बाटली माझ्याकडे देत ते म्हणाले. "उन्हात उभी राहते गं माझ्यासाठी."

त्याच रात्री झोपेत त्यांचं आधीपासूनच कमजोर असलेलं हृदय थांबलं.

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, अंगणात कुसकुस वाढलं होतं. सिदी लझहर बाटल्या घेऊनच आला. दुसरं ताट संपवून त्यानं निकाल दिला : गाठी त्याच्या पाण्यानं विरल्या, माणूस गोळ्यांनी मारला. शेजारच्या नझीहाखालांनी मान डोलावली. त्यांनाही तोच आजार, तीच गोळी.

"मी परवापासून बंदच केली," त्या म्हणाल्या. "आता फक्त पाणी."

आईनं त्यांचा हात कुरवाळला. माझी नजर लिंबाकडे गेली.

"सिदी, झरा गोड्या पाण्याचा ना?"

"मधासारखा, पोरी."

"मग त्याच पाण्यानं या पानांच्या कडा कशा करपल्या?"

हमादीकाकांनी उठून पान चुरगाळलं. खाऱ्या पाण्यानं अशी करपलेली पानं आमच्याकडे पोरंसुद्धा ओळखतात. "लझहर," काका शांतपणे म्हणाले, "हे तर नळाचं पाणी. खारटपणा झाकायला साखर आणि फुलांचा अर्क घालतोस होय?" मागे कुणीतरी खुदकन हसलं. जिभेला फसवता येतं. लिंबाला जीभ नव्हती.

सिदीनं बाटल्या पदराआड घेतल्यासारख्या झग्यात ओढल्या. "माझं पाणी झाडाला घातलं कुणी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबांनी," मी म्हणाले. "सगळ्या बाटल्या. आई, तू उन्हात उभी राहायचीस म्हणून त्यांनी तुला कळू दिलं नाही. त्यांच्या गाठी विरल्या त्या गोळीनं. पाण्याला हुकूम कळत नाही, खाला. गोळी काय करते ते विचारता येतं, रक्त तपासून बघता येतं. उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ. आई, तूही चल."