फकिराचं नाव कोरलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे, मित्रांनो. अंगावर पोचे, झाकण जरा हट्टी. भंडाऱ्याच्या कासारानं मला घडवलं आणि मनकर्णाबाईनं मोठ्या हौसेनं माझ्यावर लेकाचं नाव घालून घेतलं, फकिरा. तिची आधीची लेकरं जगली नव्हती. मरणाची नजर पडू नये म्हणून तिनं याचं नाव असं हलकं ठेवलं. पोर जगलं, आणि माय सगळं श्रेय त्या नावालाच देई.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा माय, लेक आणि मी सेक्टर सहाच्या क्वार्टरात आलो. रोज सायकलच्या हँडलला लटकून मी भट्टीवर जाई. काय माझा थाट! वांग्याच्या भाजीचा वास सुटला की दूरदूरच्या मुलुखातले सोबती भोवती जमत. पण थट्टाही करत, "क्या फकीर, आज किस दरवाज़े से माँग के लाया?" फकिरा वरवर हसे. आतून मात्र जळे.

शेवटी त्यानं दुर्गच्या कोर्टात नाव बदलायचा अर्ज केला. वकील म्हणाला, "आईला घेऊन या. तिची हरकत नाही असं साहेबांना सांगू द्या." नाव टाकलं तर मरण लेकराला ओळखेल, असं माय मानायची. ती कशी हो म्हणेल?

तारखेला तो एकटाच गेला. साहेबांनी शपथ देऊन आईवडिलांचं विचारलं.

"दोनों गुज़र गए, साहब."

बाप खरंच गेला होता. पण माय? माझ्या पोटात तिच्या हातच्या भाकरी अजून ऊन होत्या हो!

फकिराचा प्रभाकर झाला. त्यानं कानशीनं माझ्यावरचं नाव घासून काढलं. पण मी भरलेलाच घरी येऊ लागलो.

"कावून रे बापा, जेवून नाही राहिला?" मायनं विचारलं.

त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, मी नाव बदललं. अन् कोर्टात तुले मेलेली सांगितलं."

ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "बरं केलं. आता मरण आलंच, तर तुले सोडून मलेच नेईन."

तिनं मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तो ढसाढसा रडला.

सकाळी मला मायच्या हातात देऊन, तिला सायकलवर मागे बसवून तो दुर्गला निघाला. वकील कपाळावर हात मारून ओरडला, "खोटी शपथ म्हणजे तुरुंग! नोकरी जाईल!"

"जाऊ द्या," म्हणून फकिरा साहेबांपुढे उभा राहिला. "साहब, मैंने झूठ बोला. ये मेरी माँ है."

साहेबांनी त्याला असं झापलं की माझं झाकण थरथरलं. पण खरं स्वतःहून सांगितलं म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलं, आणि मायला विचारलं, "आपको नाम पर एतराज़ है, माँजी?"

"कागदावर काही बी ठेवा, साहेब," माय म्हणाली. "मी फकिरा म्हणून हाक मारली का त्यानं ओ द्यावं, बस."

मित्रांनो, तुम्हालाही घरात कुणी जुन्याच नावानं हाक मारत असेल. चारचौघांत लाज वाटली, तरी ओ द्या.