पट्टीखालचं नाव

एबेनने सर्व्हरवरची उशी उचलली आणि छापखान्याच्या मालकीण मॅडम बिरागोंच्या हातात दिली.

"ही कधीपासून?"

"ईस्टरपासून," मॅडम म्हणाल्या. "सारखा ओरडायचा मेला. टीं टीं टीं. समोर दुःखातली माणसं बसलेली असतात. बरं दिसतं का?"

"मॅडम, यात दोन डिस्क असतात. एक मेली की तो ओरडतो. दुसरी जिवंत आहे तोवर कुणीतरी धावून यावं म्हणून."

"मग तसं सांगावं त्यानं. नुसतं ओरडून माणसाला काय कळणार?"

हे सर्व्हर बनवणाऱ्यांना सुचलं नसावं. एबेनने पेटीच्या बाजूचा पत्रा काढला, आतली धूळ ब्रशने झटकली आणि दोन्ही मेलेल्या डिस्क बाहेर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली ईस्टरला गेली होती. दुसरी तिच्या वाट्याचं काम करत होती. काल दुपारी वीज तीनदा गेली आणि तिनेही मान टाकली. मधल्या काळात उशीला मात्र एक सुबक खळगा पडला होता.

आज गुरुवार होता. कुमासी शहरात माणूस कोणत्याही वारी मरो, माती शनिवारीच होते, आणि तिची पोस्टरं आठवडाभर आधी, शुक्रवारी, भिंतींवर लागावी लागतात. म्हणून गुरुवारी 'देवाला घाई नाही' छापखान्यात सगळ्यांनाच घाई असे. सत्तरीच्या आत गेलेल्याला वर लाल अक्षरांत 'केवढा हा धक्का!' आणि सत्तरीच्या पुढच्याला 'देवाचं बोलावणं'. मध्ये फोटो, खाली वय, मग कुलप्रमुख, विधवा, भावंडं आणि मुलं. मुलं परदेशी असतील तर कंसात तिथलं शहर. शोकाकुल माणसं फोटो एकदा बघतात आणि कंस दोनदा.

तीन कंप्युटरांवर तीन वेळा तेच वाक्य होतं, सर्व्हर सापडत नाही. तिसऱ्यापुढे फ्रिम्पाँ हाताची घडी घालून बसला होता. पोस्टरं तोच करायचा. सहा वर्षांपूर्वी एबेननेच त्याला माउस धरायला शिकवलं आणि इथे चिकटवलं, म्हणून तो अजून एबेनला मास्तर म्हणायचा. त्याचं काम झपाट्याचं होतं. नवं पोस्टर तो कधीच कोऱ्या कागदावर सुरू करत नसे. आधीच्या एखाद्या मृताची फाइल उघडायची, जुनं नाव न पुसता त्यावर पोस्टरच्याच रंगाची पट्टी टाकायची आणि पट्टीवर नवं नाव लिहायचं. पुसायला वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. फ्रिम्पाँच्या प्रत्येक मृताखाली आणखी तीन मृत असत.

कधी पट्टी टाकायची राहून जाई आणि एखाद्या सात्त्विक पाद्र्याला परक्या बाईची चार नातवंडं मिळत. एबेनने तीनदा अशी नातवंडं शेवटच्या क्षणी पकडली, तेव्हापासून मॅडमनी नियमच केला: कंप्युटर बघायला गुरुवारी एबेन इथे असतोच, तर त्याने वाचून कोपऱ्यात सही केल्याशिवाय कागद यंत्रावर चढायचा नाही. त्याच सुमाराला त्याने सर्व्हरला आणखी एक शिस्त लावली. कुणीही फाइल साठवली की जुनी प्रत फेकायची नाही. दिवस, वेळ आणि कंप्युटर लिहून ती वर्षभर जपून ठेवायची. फ्रिम्पाँच्या हातून वाचण्याचा तेवढाच उपाय होता.

"बॅकअप?" त्याने विचारलं.

मॅडमनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. बॅकअप रोज दुपारी बारा वाजता त्या डब्यातल्या डिस्कवर जायचा, कारण संध्याकाळी मॅडम मुख्य बटण बंद करून, त्याला हात लावून प्रार्थना करून मगच घरी जात. म्हणजे काल बारापर्यंतचं सगळं असायला हवं होतं.

"एबेन, सगळ्यात आधी तुझ्या वडिलांचं काढ," मॅडम म्हणाल्या. "शादरॅक चार वाजता यायचाय न्यायला. थोरला भाऊ तुझा, पण तोंड माझ्यावर टाकतो."

एबेनने मान हलवली. ओपान्यिन, म्हणजे जाणते वडीलधारे, कोजो ड्वुमा, वय एक्याऐंशी, तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. शवागारातली जागा एबेनने बघितली होती, शोकाचं काळं-लाल कापड त्याने निवडलं होतं, शेवटच्या महिन्यात दवाखान्याच्या पायऱ्या चढताना म्हाताऱ्याने हात त्याचाच धरला होता. पोस्टरचं मात्र काहीच बघावं लागलं नव्हतं. ते गेल्या नोव्हेंबरातच तयार होतं.

नव्या डिस्क बसल्या. फायली डब्यातून परत येऊ लागल्या, आणि अकराच्या सुमाराला पहिला कंप्युटर सर्व्हरला ओळखू लागला, मग दुसरा. तिसऱ्याला पुन्हा ओळख करून द्यावी लागली. फायली धड उघडतात का हे बघायला एबेनने वडिलांचीच फाइल उघडली.

फोटो छान होता. मुलांच्या यादीत शादरॅक होता, मग अफ्रिये, मग इसाक. चौथ्या जागेवर लिहिलं होतं: जॉयस फोसुआ (लंडन).

एबेनला हसू आलं. चौथा तो होता. नोव्हेंबरात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी आपलं नाव तिथे वाचलं होतं. बाबा त्या दिवशी टोपी घालून अचानक छापखान्यात आले होते. "आपलं पोस्टर आपणच करून ठेवावं," म्हणाले. "पोरांवर सोडलं तर भलताच फोटो लावतात." मग फ्रिम्पाँशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सातही मुलांची नावं क्रमाने सांगितली. एबेन मागे उभा होता. त्याला, का कोण जाणे, परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटलं होतं.

म्हणजे डब्यातून जुनी प्रत आली असणार, नावं भरून व्हायच्या आधीची. होतं असं. त्याने त्या फाइलच्या जपून ठेवलेल्या सगळ्या प्रती उघडल्या.

तीन होत्या. चौदा नोव्हेंबर, अकरा वीस, कंप्युटर तीन. चौथ्या जागी एबेनेझर ड्वुमा. चौदा नोव्हेंबर, अकरा बावन्न, कंप्युटर तीन. चौथ्या जागी जॉयस फोसुआ. आणि काल सकाळची, तारखा भरलेली. तिच्यातही जॉयस.

त्याने वेळा पुन्हा वाचल्या. मग सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का ते आपल्या मनगटाशी ताडून बघितलं. बरोबर होतं. ते त्यानेच लावलं होतं.

प्रत जुनी नव्हती. कुणीतरी त्याचं नाव पट्टीसकट उचललं होतं, आणि पट्टीखालची बाई वर आली होती.

अकरा बावन्न. त्या दिवशी बाबांना भूक लागली होती. "एबेन, कोपऱ्यावरच्या बाईकडून वाचे घेऊन ये," ते म्हणाले होते. भात-चवळीच्या त्या पुडीसाठी गुरुवारी लांबलचक रांग असते. तो निघाला तेव्हा बाबांनी मागून हाक मारली होती. "अंडंही घाल म्हणावं. आणि घाई करू नकोस."

फ्रिम्पाँ मागच्या दारी नळावर हात धूत होता. एबेन त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"माझं नाव कुणी काढलं?"

फ्रिम्पाँने नळ बंद केला नाही. "कुठलं नाव, मास्तर?"

"फ्रिम्पाँ, सर्व्हर वेळ लिहून ठेवतो. मीच शिकवलंय त्याला."

नळ वाहत राहिला. फ्रिम्पाँ आपल्या बोटांकडे बघत होता, जणू त्यांच्यापैकी एकाने ते केलं होतं आणि कोणत्या ते त्याला आठवत नव्हतं.

"तुम्ही वळलात कोपऱ्यावर, आणि म्हातारा म्हणाला, आता चौथं काढ. मी म्हटलं, ओपान्यिन, तो तर तुमचा एबेन. म्हणाला, मला माझी पोरं माहीत आहेत."

"का?"

"तुमची आत्या."

एबेनने नळ बंद केला.

तीन वर्षांपूर्वी आत्याची माती होती. त्याच शनिवारी सकाळी इथला सर्व्हर बसला होता, सहा कुटुंबांच्या प्रार्थनापत्रिका आत अडकल्या होत्या, आणि मॅडमनी फोनवर रडून त्याला बोलावलं होतं. सहाही घरांची माती वेळेवर झाली. एबेन आत्याच्या अंगणात पोहोचला तेव्हा लोक खुर्च्या गोळा करत होते. बाबा काही बोलले नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि त्यानंतरच्याही.

"म्हणाला," फ्रिम्पाँ हळू आवाजात सांगू लागला, "ज्याला माझ्या बहिणीच्या मातीला वेळ नव्हता, त्याला माझ्या कागदावर जागा नाही. आणि मला शपथ घातली. म्हाताऱ्याची शपथ, मास्तर. मोडली असती तर मलाच लवकर पोस्टर लागलं असतं."

"मी परत आलो तेव्हा तू तिथेच होतास."

"होतो ना."

"मी पुडी उघडून दिली. बाबा जेवले."

"अंडं तुम्ही सोलून दिलंत," फ्रिम्पाँ म्हणाला. मग उगाचच पुढे म्हणाला, "मलाही एक आणलं होतंत."

"खाल्लंस?"

"थंड झालं असतं."

एबेनने भिंतीवर वाळत घातलेलं फडकं त्याच्याकडे टाकलं. "काढल्यावर त्यांना दाखवलंस?"

"म्हाताऱ्याचा चष्मा घरी राहिला होता. म्हणाला, काढलंस ना, बस. मीही घाईत साठवलं, तुम्ही रस्ता ओलांडताना दिसत होतात. काल फक्त तारखा भरल्या, यादीकडे बघवेना."

"शादरॅकला माहीत आहे?"

"काल फोनवर म्हणाला, वडिलांनी ठरवलंय तसंच छाप, काही बदलू नकोस. माहीत असून म्हणाला की नसून, ते मी विचारलं नाही."

एबेन आत आला. पडद्यावर तिन्ही प्रती अजून उघड्या होत्या. अकरा वीसची प्रत निवडून तिच्यात कालच्या तारखा भरायला दोन मिनिटं लागली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. दोष मेलेल्या डिस्कवर गेला असता. त्याने अकरा वीसवर बोट ठेवलं. आपलं नाव त्याने एकदा नीट वाचलं. शुद्धलेखन अचूक होतं.

मग ती प्रत त्याने बंद केली आणि कालची छपाईला सोडली.

मॅडम बिरागो उशी काखेत धरूनच प्रूफ घेऊन आल्या. "चष्मा लाव आणि नीट वाच. तुझ्याच घरचं आहे. चूक राहिली तर लोक मला हसतील."

एबेनने चष्मा पुसून लावला. नाव, वय, गाव. कुलप्रमुख. विधवा. तो नेहमीसारखं एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवत गेला. मुलांपाशी ती जरा थांबली आणि पुढे गेली. नळावरून आलेला फ्रिम्पाँ दाराशी उभा होता. तो प्रूफकडे बघत नव्हता.

मॅडम त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या. पहिल्यांदा त्यांनी अर्थातच कंस वाचला.

"लंडन?" त्या म्हणाल्या. "जॉयस फोसुआ? एबेन, तुझी लंडनची बहीण! कधी बोलला नाहीस."

"मलाही आजच कळलं."

मॅडमनी आवाज खाली आणला. "बाहेरची?"

एबेनने पेन्सिलचं टोक पुढच्या ओळीवर नेलं. मॅडमना ते पुरलं. त्यांनी उशी छातीशी धरून सुस्कारा सोडला. "म्हाताऱ्यांचं असंच असतं. जन्मभर तोंडातून शब्द काढत नाहीत, आणि मग आपल्याला पोस्टरवर वाचावं लागतं. तुम्हा भावंडांना किती लागलं असेल!" मग त्यांना काहीतरी आठवलं आणि डोळे बारीक झाले. "थांब. फ्रिम्पाँच्या जुन्या फाइलमधली तर नाही ना आलेली कुणी? पोरं मोजलीस?"

दाराशी फ्रिम्पाँने मान वर केली.

"सात," एबेन म्हणाला, आणि कोपऱ्यात सही केली. "बरोबर आहेत."