सालईगडची परिषद

हिंगण्याच्या त्या कारखान्यात पंप तयार होत; पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबांना वाटू लागलं, की पंप विकायचे तर आधी विचार झाला पाहिजे, आणि विचार काही कारखान्यात होत नाही. तिथे आवाज फार. तेव्हा देशभरच्या विक्रेत्यांची तीन दिवसांची परिषद भरवायची, तीही एखाद्या निसर्गरम्य, ऐतिहासिक खेड्यात. ज्यांच्या विहिरीवर हे पंप बसायचे, ते जन्मभर खेड्यातच राहत होते. त्यांना मात्र विचार करायला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

जागा शोधायचं काम हेडक्लार्क आनंदरावांच्या गळ्यात पडलं. त्यांनी लगेच आपल्याच गावाचं नाव सांगितलं, उमरेडकडचं सालईगड. तलाव आहे, जंगल आहे, गोंड राजाच्या वेळचा पडका किल्ला आहे. रस्ता तेवढा नाही, हे शेवटी हळूच सांगितलं.

"रस्ता काय, होईल!" साहेब म्हणाले. "मी बोलतो बांधकाम खात्यात."

आनंदरावांना तेच हवं होतं. फाट्यापासून गावापर्यंत चार मैल नुसती काळी माती. गेल्या श्रावणात थोरल्या भावाला साप चावला, तेव्हा चौघांनी खाट खांद्यावर घेतली. गुडघाभर चिखलातून फाटा गाठायला तीन तास लागले, आणि एसटी यायच्या आधीच भाऊ गेला. त्यानंतर आनंदरावांनी अर्जावर अर्ज केले. अर्जांनी जे झालं नाही ते साहेबांच्या एका फोननं झालं. आठ दिवसांत वेशीशी गिट्टीचे ढीग पडले. माणूस मेल्यानं रस्ता होत नाही, विक्रेते येणार म्हटलं की होतो! आनंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग गिळून त्यांनी गावात निरोप धाडला: रविवारी साहेब जागा पाहायला येतात, पाहुणचारात कसूर नको.

कसूर झाली नाही, तेच नडलं.

पाहुणे येणार म्हटल्यावर सालईगडात भिंतीला चुना लागतो, अंगणात सडा पडतो, ही बापजाद्यांची रीत. सरपंच धोंडबांनी हिशेब मांडला, की साहेब काही आपल्या घरी उतरत नाहीत, किल्ल्यात उतरतात. मग अख्खं गाव पाच दिवस खपलं. तटाला पांढराशुभ्र चुना, बुरुजांना गेरूचे पट्टे. दरवाजावरचा दगडी हत्ती निळीनं रंगवून त्याच्या पोटावर 'सुस्वागतम्' लिहिलं. फटींतले पिंपळ उपटले आणि तलावातली कमळंही केरकचरा म्हणून काढून टाकली.

रविवारी जीप थांबली. साहेब खाली उतरून चौफेर पाहू लागले.

"किल्ला कुठे आहे?"

"हाच न जी," धोंडबा हात जोडून म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले, मंग त्याले पारोसा ठेवाचा काय?"

"अहो, पण इतिहास?"

"लय घाण होती साहेब. खरवडून काढली सारी."

साहेबांनी वडाभात दोनदा मागून घेतला, पाटोडीचा रस्सा वाटीला तोंड लावून प्यायला, आणि जीपमध्ये बसताना आनंदरावांना म्हणाले, "तुमच्या गावाचा आत्मा गेला हो." गावातली माणसं जात होती तेव्हा काही न वाटलेल्या साहेबांना आत्म्याची मात्र फार हळहळ वाटली. परतीच्या वाटेवर आठ मैलांवर त्यांना दुसरा तलाव दिसला, काठावर पडकी बारव, जुनी बंगली. आजूबाजूला कुणी राहतच नव्हतं, त्यामुळे सारं जसंच्या तसं होतं. परिषद तिथे ठरली.

"साहेब, निदान रस्ता तरी..." आनंदरावांनी दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं.

"गिट्टी परिषदेच्या नावानं मंजूर आहे, आनंदराव. परिषद जिथे, गिट्टी तिथे."

आनंदराव रजा टाकून गावी धावले. वेशीशी ट्रक उभे होते आणि सारं गाव गिट्टी भरून देत होतं. रस्ता करायला ट्रक आले, असंच सगळे समजले होते. मजूर नको, पैसा नको, आपलंच काम म्हणून धोंडबासुद्धा घमेली उचलत होते.

भावाच्या मागे राहिलेली कौसल्यावहिनी डोक्यावर टोपलं घेऊन समोरून आली. घामानं भिजलेली, पण वर्षभरात पहिल्यांदाच हसली.

"भाऊजी, फाट्याकडून टाकत येतीन का हे लोकं? पाणी पडाच्या आधी झाला पायजे जी रस्ता."

आनंदरावांनी खाली पाहतच सांगितलं, "वहिनी, रस्ता इथं नाही होत. ही गिट्टी दुसरीकडे चालली."

वहिनीनं एकदा ट्रककडे पाहिलं. मग ती वळली, वेशीबाहेर बैलगाडीच्या चाकोरीपाशी गेली, टोपलं तिथेच रितं केलं आणि अनवाणी पायांनी खडी दाबत उभी राहिली.

"एवढा तरी होऊ द्या," ती म्हणाली.

मागून ड्रायव्हर ओरडत होता, की बाई, माल इकडे टाका.