लँडमास्टरचा पत्रा

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि जुन्या लँडमास्टर गाडीच्या दाराला लावलं. ते टचकन चिकटलं. वर सरकवलं, खाली सरकवलं, मडगार्डवरून फिरवलं, कुठंच सुटेना.

“पोचे बुजवायची लांबी भरलेली नाही कुठंच,” ते म्हणाले. “अस्सल कंपनीचा पत्रा. ‘मूळ गाडी’ लिहू या. बसवंतराव, तुमचीही सही करा.”

बसवंतराव मिस्तरींनी कागद घेतला, पण पेनाचं टोपण काढलं नाही. सेलूत पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले होते. जिनिंगच्या आवारात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा पुण्याच्या पाहुण्याशेजारी गावचा कुणी जाणकार हवा म्हणून त्यांना परीक्षक केलं. सकाळी इस्त्रीचा सदरा हातात देताना चन्नबसम्मानं नवऱ्याला बजावलं होतं, “भीड भिकेची बहीण असती. खोटं लिवू नका कुणासाठी.” बायकोला नवऱ्याची नस ठाऊक असते. तरी आज मिस्तरींनी कमाल केली होती. ‘मूळ’ म्हणून आणलेल्या तीन गाड्या त्यांनी बेधडक ‘पुन्हा घडवलेली’त टाकल्या होत्या आणि तीन मालकांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे करून सोडले होते.

पण हा पत्रा त्यांच्याच हातचा होता. लांबी सापडणार कशी? वाळूच्या पोत्यावर ठोकून ठोकून त्यांनी तो आकार आणला होता. दाराचं अस्तर बसवण्याआधी आतल्या पत्र्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची, ही त्यांची रीत. अस्तर उघडलं असतं तर ती दिसलीच असती. उघडायची गरज नव्हती. आपलं पोर पाठमोरं असलं तरी ओळखू येतं. पुण्याचा माणूस त्यांच्या कामाला कंपनीचं काम समजला होता. एवढी मोठी शाबासकी त्यांना आयुष्यात कुणी दिली नव्हती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण मागच्या सीटवर नर्मदाबाई बसल्या होत्या. गाडी प्रदर्शनात आणणाऱ्या सोनपेठच्या आबासाहेबांच्या आई, वय शहात्तर. वडिलांनी पाठवणीला दिलेल्या या गाडीतून त्या सासरी आल्या होत्या. सकाळपासून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, “माझ्या बापाची गाडी हाय ही. जशीच्या तशी.” त्यांचे यजमान बन्सीधरराव यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पत्रा नवा केल्याचं घरात कळू द्यायचं नाही, असा शब्द बन्सीधररावांनी तरण्या बसवंतरावांकडून घेतला होता.

गेलेल्या माणसाचा शब्द मोडवेना आणि खोट्यावर सही करवेना. आबासाहेब चहाच्या मंडपात गेलेले पाहून बसवंतराव गाडीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“बाईसाहेब, एक सांगायचंय. राग धरू नका.”

“बोला की मिस्तरी.”

“सांगाडा, इंजन तुमच्या वडलांच्या गाडीचंच हाय. पर वरचा पत्रा म्या केलेला हाय. तुमी आईच्या दुखण्यात माहेरी होता, तवा. देवगाव फाट्यावर मालकाकडनं गाडी झाडावर गेली. मला म्हणले, ती यायच्या आत होती तशी करून दे. तीन महिने लागले.”

नर्मदाबाईंचा हात खिडकीच्या काठावर होता, तो तिथंच राहिला. आता या रडतील, नाहीतर लेकाला हाक मारून आपली पूजा बांधतील, असं बसवंतरावांना वाटलं.

“त्यांला लागलं होतं का?” बाईंनी विचारलं.

“कपाळाला. चार टाके पडले.”

“मला म्हणले, गोठ्याची चौकट लागली.” त्या पुढच्या सीटकडं बघत राहिल्या. “मी लय हसले होते हो त्यांला.”

बसवंतराव म्हणाले, “त्यांला शब्द दिला होता. आज मोडला.”

“बरं केलंत. लिवा, खरं हाय ते.”

बसवंतरावांनी ‘पुन्हा घडवलेली’ लिहून सही केली. पुण्याच्या पाहुण्यांनी कुणी घडवली म्हणून विचारलं. “म्या,” बसवंतराव म्हणाले. पाहुण्यांनी गाडीला पुन्हा एक चक्कर मारली आणि परत येऊन त्यांचा हात हातात घेतला. मूळ गाडीच्या बक्षिसाची ढाल परभणीच्या एका जीपला गेली.

ऊन उतरता उतरता आबासाहेबांनी गाडी काढली. चेहरा उतरलेला होता, बसवंतरावांकडं त्यांनी पाहिलंही नाही.

“देवगाव फाट्यावर घे,” मागून नर्मदाबाई म्हणाल्या.

“आई, तो रस्ता उलटा हाय. सोनपेठ इकडं.”

“ठाव हाय मला. मिस्तरी, तुमी बसा पुढं. झाड दाखवा.”

“झाड कवाच गेलं, बाईसाहेब. रस्ता रुंद केला तवा.”

“जागा तर आसंल.”

बसवंतराव पुढं बसले. आबासाहेबांनी आरशातून आईकडं एकदा पाहिलं आणि काही न विचारता गाडी उलट्या रस्त्याला लावली.