सुतक कुणाचं

दारावर थाप पडली तेव्हा चाइफेंगने आधी केस सारखे केले, मग कडी काढली. दारात यान्ली होती. तिच्या हातातल्या पिशवीत कच्चा चिकट तांदूळ, डुकराचं मांस आणि बांबूची पानं होती.

"मावशी, उद्या सण. एवढ्या झोंगझ्या बांधून द्या ना. आमच्याकडे सुतक, आम्हाला चालत नाही."

सुतकाच्या घरात सणाच्या झोंगझ्या, पानात बांधून उकडायच्या भाताच्या पुड्या, बांधत नाहीत. शेजारीपाजारी आणून देतात. यान्लीचा सासरा थुंगशान वसंतात गेला. चाइफेंग त्याच्यासोबत वीसेक वर्षं राहिली होती, लग्नाविना. अंत्ययात्रेत तिला शेजाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं. आता गल्लीतल्या बायका झोंगझ्यांचे झुबके घेऊन तिच्या दारावरून यान्लीकडे जात होत्या.

"तुला दिल्यात की सगळ्यांनी."

"ढीगभर! पण बाबांच्या फोटोपुढे तुमच्याच हातच्या हव्यात. दुसऱ्या कुणाच्या ते तोंडात तरी धरायचे का? नावं ठेवून ठेवून जीव नकोसा केला होता आमचा." यान्ली हसली. "आणि तुम्हाला कुठलं आलंय सुतक!"

चाइफेंगने पिशवीतलं एक पान उचललं. बोटांनी त्याचा द्रोण आपसूक वळला. तळाला तांदूळ, मग चरबीचा तुकडा, वर पुन्हा तांदूळ, पान दुमडून दोरा. थुंगशानला मिरी जरा जास्तच लागायची. बांधल्या तर उद्या त्याच्यापुढे त्याच्या चवीचं पडेल.

तिने पान उलगडलं, सपाट केलं आणि पिशवीत परत ठेवलं.

"माझ्याही घरी यंदा बांधत नाहीत."

यान्लीचं हसू विरलं. "मावशी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"मग बाबांपुढे दुकानातल्या ठेवू?"

"ठेव."

पिशवी उचलून यान्ली तणतणत गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर उकडत्या पानांचा वास सुटला. चाइफेंगकडे कुणी आलं नाही. सुतकाच्या झोंगझ्या कुणी मागून आणत नाही, तरी ती शेजारच्या श्यूक्वेइच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दोन दे गं. माझं माणूस गेलंय."

श्यूक्वेइ चपापली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालूनच पातेल्यातून दोन काढून दिल्या.

घरी येऊन चाइफेंगने एकीचा दोरा सोडला. भात मधे कच्चा होता, मांसाचा पत्ता नव्हता. थुंगशानने पहिलाच घास थुंकला असता. तिने उभ्याउभ्या सगळी खाल्ली. पानाला चिकटलेली शितंही दातांनी ओढून काढली.